खुब्याचा विकार : निदानानंतर काय?

घरभर बागडणारे वर्षभराचे पिल्लू एके दिवशी जिन्यापाशी थबकते. बसल्यावर उठावयास वेळ लावते. धावताना मागचे दोन्ही पाय सशाप्रमाणे एकदम उचलते. क्ष-किरण चित्र काढले जाते आणि डॉक्टर 'हिप डिस्प्लेसिया' असे नाव सांगतात. पालकांचा पहिला प्रश्न बहुधा 'आमचे काय चुकले?' हा असतो. दुसरा विचारताना आवाज खाली येतो : 'त्याला कायमचे झोपवावे लागेल का?'

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील खोबणीत घट्ट बसावा लागतो. या विकारात वाढीच्या वयात सांधा सैल राहतो, माथा खोबणीत घासत राहतो, कूर्चा झिजते व पुढे संधिवात जडतो. ही प्रवृत्ती आनुवंशिक असून जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत अधिक आढळते. जन्मतः सांधा नीटच दिसत असल्याने पिल्लू आणताना कोणासही कळत नाही. तेव्हा दोष पालकांचा नव्हे. मात्र झपाट्याने वाढलेले वजन या विकारात भर घालते. 'हाडे बळकट व्हावीत' म्हणून संतुलित आहारावर आणखी कॅल्शियम देणे तर मोठ्या जातीच्या पिल्लास अपायकारकच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच असते. चित्रातील बिघाड आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही. चित्र वाईट असूनही वर्षानुवर्षे आनंदाने फिरणारी कुत्री असतात.

सर्वांत परिणामकारक उपाय स्वयंपाकघरातच आहे. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना जोडीदारांपेक्षा 25 टक्के कमी अन्न दिले, त्यांचा संधिवात लांबला आणि आयुष्य सुमारे पावणेदोन वर्षांनी वाढले. हात फिरवताच बरगड्या जाणवाव्यात, वरून पाहता कंबर दिसावी, इतकेच वजन असावे. जेवताना ताटातली तूप-पोळी मागणाऱ्या त्या डोळ्यांकडे दुर्लक्ष करणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो!

गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी, नखे वेळच्या वेळी कापावीत. एकदाच लांब फिरवण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे फिरवावे. पोहणे उत्तम, चेंडूमागे पळवणे नको. घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मुळीच देऊ नयेत. आयब्युप्रोफेनसारख्या औषधाने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

एवढ्याने न भागल्यास शस्त्रक्रिया आहे. हाडाचा माथा काढून टाकल्यास भोवतालचे स्नायू व तंतू मिळून कामचलाऊ सांधा तयार करतात आणि हलक्या कुत्र्यांना तो चांगला साथ देतो. कृत्रिम खुबा खर्चिक असून मोजक्याच ठिकाणी बसवला जातो. मात्र अशा कुत्र्याची वीण कदापि होऊ देऊ नये, मग शेजाऱ्यांनी पिल्लासाठी कितीही आग्रह धरो.

घरी एक वही ठेवावी. आज उठावयास किती वेळ लागला, जिना चढला की नाही, अन्न किती खाल्ले, हे रोज एका ओळीत लिहावे. पुढील तपासणीस येताना ती वही सोबत आणावी.