व्यापारी आणि सरपंचपद : सेमाडोहच्या निमित्ताने

स्थानिक व्यापाऱ्याने आपल्या गावाच्या प्रमुखपदासाठी उभे राहावे, ही लोकशाहीत सामान्य गोष्ट मानली जाते. त्याला हिशेब कळतो, माणसे ओळखतात, आणि निवडणुकीचा खर्चही त्याला झेपतो. हे पद महानगरपालिकेत महापौराचे, नगरपालिकेत नगराध्यक्षाचे आणि खेड्यात सरपंचाचे असते. परंतु व्यापाऱ्याच्या उमेदवारीचा अर्थ या तिन्ही ठिकाणी सारखा नाही. मेळघाटातील सेमाडोह या गावाचे उदाहरण घेऊन हा भेद स्पष्ट करणे, आणि कायद्याने घातलेल्या मर्यादा कोठवर पोहोचतात हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(१) पदांचे स्वरूप

अमरावती येथे १९८३ मध्ये व अकोला येथे २००१ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. तेथील महापौर मतदारांकडून थेट निवडला जात नाही. नगरसेवक आपल्यामधून त्याची अडीच वर्षांकरिता निवड करतात. शिवाय कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात. म्हणजे महापौर होऊ इच्छिणाऱ्या व्यापाऱ्याला प्रथम आपला प्रभाग जिंकावा लागतो व नंतर पक्षाचा आणि सभागृहाचा पाठिंबा मिळवावा लागतो. एवढे करून हाती येते ते मुख्यतः सभेचे अध्यक्षपद होय.

सरपंचाची गोष्ट निराळी आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीचा कार्यकारी अधिकार सरपंचाच्या ठायी असतो. २०१७ मध्ये त्याची थेट निवडणूक सुरू झाली, २०२० मध्ये ती बंद झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. थेट निवडणुकीत दुकानदार उमेदवार ज्यांना रोज मीठमिरची विकतो, त्यांच्याच पुढे मत मागण्यास उभा राहतो. अधिकार अधिक आणि मतदाराशी असलेला संबंध निकटचा, असा हा दुहेरी फरक आहे.

(२) सेमाडोह : उभे कोणी राहावे?

सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातील, सिपना नदीच्या परिसरातील गाव. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या मार्गावर ते वसले आहे. भोवती मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य आहे आणि परिसरातील प्रमुख समाज कोरकू आहे. चिखलदरा व धारणी हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

या एका गोष्टीमुळे प्रश्नाचे स्वरूपच बदलते. १९९६ च्या पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवरील विस्तार) अधिनियमाने, म्हणजेच ‘पेसा’ कायद्याने, अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींची सर्व अध्यक्षपदे अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवली आहेत. सदस्यांच्या एकूण जागांपैकीही निम्म्यापेक्षा कमी जागा या जमातींसाठी असू नयेत, असे बंधन आहे. तेव्हा बिगर आदिवासी दुकानदार, तो पिढ्यान्‌पिढ्या येथे राहत असला तरी, येथे सरपंच होऊ शकत नाही. अनारक्षित प्रभागातून सदस्य होण्याचा मार्ग त्याला मोकळा आहे.

अशा संपूर्ण आरक्षणाला झारखंडच्या संदर्भात आव्हान देण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये भारत संघ विरुद्ध राकेश कुमार या खटल्यात ते वैध ठरविले. अनुसूचित क्षेत्रासाठी अपवाद व फेरबदल करण्याचा अधिकार घटनेनेच संसदेला दिला आहे, हा त्या निर्णयाचा एक प्रमुख आधार होता.

येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. पेसा कायदा फक्त पंचायतींना लागू आहे. अनुसूचित क्षेत्रातील नगरपालिकांसाठी २००१ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले नाही. परिणामी चिखलदरा नगरपरिषदेच्या नगराध्यक्षपदाला हे संपूर्ण आरक्षण लागू होत नाही. एकाच तालुक्यात, एकाच अरण्यात, गाव आणि नगर यांना दोन निरनिराळे नियम लागू आहेत.

(३) या नियमामागील कारण

हा नियम व्यापाराविरुद्ध आहे, असे समजणे चुकीचे होईल. कोरकू दुकानदाराला तो आडवा येत नाही. परंतु त्याची पार्श्वभूमी व्यापाराच्याच इतिहासात आहे. आदिवासी मुलखांत बाहेरून आलेला वाणी हाच बहुधा सावकार व वनोपजाचा खरेदीदारही असे. कर्जातून जमिनी जात, म्हणूनच महाराष्ट्रात १९७४ च्या दुरुस्तीने आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरणावर कडक निर्बंध आले.

पेसा कायद्याने ग्रामसभेस व योग्य स्तरावरील पंचायतीस दिलेले अधिकार पाहिले की हा संबंध अधिक उघड होतो. गौण वनोपजाची मालकी, गावबाजारांचे व्यवस्थापन, मद्यविक्रीचे नियमन आणि अनुसूचित जमातींना होणाऱ्या कर्जवाटपावरील नियंत्रण हे विषय त्यांत आहेत. मोहफुले कोणी व कोणत्या भावाने घ्यावीत, आठवडी बाजार कसा भरावा, हे ठरविणारी संस्था आणि त्या बाजारात बसणारा व्यापारी, यांच्या हितसंबंधांत अंतर असावे, हा या रचनेचा आशय आहे.

(४) उमेदवार कोरकू दुकानदार असेल तर?

येथून खरा कठीण प्रश्न सुरू होतो. जमातीची अट पूर्ण झाली म्हणजे हितसंबंधाचा प्रश्न सुटला, असे होत नाही. त्यासाठी ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ आहे. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात जो स्वतः अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवतो, तो सदस्यत्वास अपात्र ठरतो. महाराष्ट्रात २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला. पंचायतीच्या हाती पैसा आला म्हणजे सिमेंट, पत्रे, नळ, शाळेचे साहित्य यांची खरेदी आली. अशा वेळी सरपंचाच्याच दुकानातून माल घेतला गेल्यास हे कलम आड येते.

परंतु या कलमाची नजर पंचायत आणि दुकान यांच्यातील व्यवहारावर आहे. दुकान आणि मतदार यांच्यातील व्यवहार तिच्या कक्षेत येत नाही. पावसाळ्यात हातात रोख नसते, तेव्हा घर चालते ते उधारीवर. उधारीच्या वहीत ज्याचे नाव आहे, तो ग्रामसभेत त्या दुकानदाराविरुद्ध उभा राहून बोलेल काय? मतपत्रिका गुप्त असते. ग्रामसभेतील बोलणे उघड असते. जमातीची अट, कंत्राटाची अपात्रता आणि मतदानाची गुप्तता या तिन्हींमधून ही वही निसटते.

(५) समारोप

वरील विवेचनावरून दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. ‘पद कोणाला मिळावे’ याचे उत्तर कायद्याने सेमाडोहसारख्या गावात निःसंदिग्धपणे दिले आहे. ‘पदावरील माणसाचे आर्थिक वजन कसे आवरावे’ याचे उत्तर मात्र अंशतःच दिले आहे. उरलेला भाग ग्रामसभेवर सोपविलेला आहे. कर्जव्यवहारावर आणि बाजारावर देखरेख ठेवण्याचा अधिकार तिला याचसाठी महत्त्वाचा ठरतो. हा अधिकार कागदावर राहिला, तर कर्जदाराचे मौन सरपंच बदलल्यानेही सुटणार नाही.

स्थानिक स्वराज्याच्या अभ्यासकाने म्हणूनच निवडणुकीच्या निकालापाशी थांबू नये. कोणाला किती मते पडली याबरोबरच ग्रामसभेत कोण बोलले, कोण गप्प राहिले आणि जे गप्प राहिले ते कोणाचे देणे लागत होते, याची नोंद झाली तरच मेळघाटातील स्वशासनाचे खरे मोजमाप करता येईल.