झोपेत सोडून जाऊ नका

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची मालदांडी उभी राहते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही ज्वारी वरून पाणी न मिळताही कणसात दाणा भरते. पण तालुक्याच्या माळरानाकडच्या गावांत पावसाने दगा दिला की जोडप्यांना मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघावं लागतं. तान्हं लेकरू फडावर जातं. थोडी मोठी मुलं पाच-सहा महिने आजीकडे राहतात. उद्या ही मुलं संसार थाटतील तेव्हा या महिन्यांचं काय उरलेलं असेल?

१९५४-५५ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ युगांडातल्या खेड्यांत आया आणि तान्ही मुलं पाहत होत्या. पुढे या कामातून दिसलं ते असं की, रडल्यावर कोणी धावून येतं की नाही, यावरून बाळ माणसांविषयीचा अंदाज बांधतं. तो अंदाज किती दूर जातो, हे अमेरिकेतल्या मिनेसोटात तपासलं गेलं. १९७०च्या दशकापासून मुलांचा माग ठेवणाऱ्या तिथल्या एका प्रकल्पातल्या ७८ जणांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाचं असताना आईजवळ निर्धास्त असलेली मुलं शाळेत सवंगड्यांत रुळली होती, त्यातून सोळाव्या वर्षी जिवाभावाची मैत्री जमली आणि तिच्यातून विशीत जोडीदाराशी नात्यात गोडवा जास्त आणि कटुता कमी राहिली. पाळण्यापासून संसारापर्यंत सरळ दोरी नाही, मध्ये कड्या आहेत. एखादी निसटली तरी पुढे एखादा मित्र, शाळेतल्या एखाद्या बाई ती जोडू शकतात. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आणि आजी? आई दूर असताना ओळखीचं एकच माणूस जवळ असण्याने काय फरक पडतो, ते पाहू. ब्रिटनमधल्या जेम्स आणि जॉयस रॉबर्टसन या दांपत्याने आईपासून काही दिवस दुरावलेल्या मुलांचं चित्रीकरण केलं. १७ महिन्यांचा जॉन नऊ दिवस निवासी पाळणाघरात राहिला. तिथल्या बाया पाळीपाळीने बदलत, आणि तो पार कोमेजला. उलट चार मुलांना रॉबर्टसनांनी स्वतःच्या घरी ठेवलं. आधी ओळख करून घेतली, आईचा विषय काढत राहिले. तीही आईला शोधत होती, पण कोसळली नाहीत.

म्हणून ऊसतोडीला निघणाऱ्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे. लेकरू रडेल म्हणून ते झोपेत असताना पहाटे निघू नका. जागं करा, कुठे चाललोय ते सांगा, आजीच्या कडेवर द्या, मग ट्रॅक्टरमध्ये बसा. ते रडेलच. रडू द्या, आजी आहे. संध्याकाळी कोपीवरून फोन लावा.