काविळीवरचा भुईआवळा

रायपूरला लागूनच असलेल्या बीरगांवापासून विदर्भापर्यंत पावसाळ्यात भुईआवळा तणासारखा माजतो. पानांखाली इवले आवळे लागणारं हे रोप काविळीवर वाटून देतात, आणि बहुतेकांना गुणही येतो. पण तो कशाने?

दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र पाल्याला मिळतं. खरी कसोटी दीर्घकाळ टिकणाऱ्या हिपॅटायटिस बीची. मद्रासच्या त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की, भुईआवळा घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठ-प्रथिन नाहीसं झालं, नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्या २३ जणांत एकाच्याच. केवढी आशा होती ती! पुढच्या चाचण्यांत ते यश पुन्हा दिसलं नाही.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हेही खरं नाही. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला.

गर्भवतीला मात्र हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. तिचे डोळे पिवळे दिसले, तर पाला शोधत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.