बिअरसाठी पाणी कुठलं चांगलं? आरओचं, बोअरचं की नळाचं?

माजिवड्यातल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये तीन प्रकारचं पाणी असतं. नळाला महापालिकेचं, गाड्या धुवायला बोअरचं आणि किचनमध्ये आरओचं. यातल्या कुठल्या पाण्याची बिअर चांगली होईल, असं विचारलं तर बहुतेक जण पटकन सांगतील, आरओ. सगळ्यात शुद्ध तेच ना!

गोची इथंच आहे.

बिअरमध्ये 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. बार्लीचा माल्ट गरम पाण्यात भिजवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. हे काम नीट व्हायला पाण्यात थोडं कॅल्शियम लागतं. आरओ नेमकं तेच काढून टाकतं. त्यामुळे आरओचं पाणी म्हणजे कोरी पाटी. ते वापरणारे त्यात जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड मोजून घालतात.

मग बोअर? ठाण्याच्या पोटात बेसॉल्ट खडक आहे. खडकात मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम असतं, पण बायकार्बोनेटही उतरतं. ते जास्त झालं की फिकट रंगाची बिअर तुरट लागते. भाजलेला काळा माल्ट आम्लधर्मी असतो, त्यामुळे तो हा दोष झाकतो. म्हणूनच बायकार्बोनेटवाल्या डब्लिनमध्ये काळी स्टाउट जमली, तर मऊ पाण्याच्या पिल्सेनमध्ये 1842 साली सोनेरी पिल्सनर जन्माला आली.

राहिलं नळाचं पाणी. ठाण्याला ते भातसा आणि उल्हास नदीतून मिळतं. नदीचं पाणी सहसा बोअरपेक्षा मऊ असतं. अडचण फक्त क्लोरीनची. माल्टमधल्या फिनॉलशी त्याचा संयोग झाला की बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. पाणी आधी उकळलं किंवा कार्बन फिल्टरमधून काढलं, की क्लोरीन जातो. म्हणजे क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी ही चांगली सुरुवात.

टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नये. त्यावर 150 आकडा दिसला तरी त्यात कॅल्शियम किती आणि बायकार्बोनेट किती, हे कळत नाही. त्यासाठी पाणी वेगळं तपासावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते घरी स्वतःपुरतं का असेना. अमेरिकेत 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरची वाट मोकळी झाली, त्यामुळे तिथल्या मराठी घरात हा प्रयोग चालतो. माजिवड्यात मात्र पाण्याचं हे गणित ग्लासातल्या बिअरची चव ओळखण्यापुरतंच!