धावणाऱ्या शरीराची उष्णता कशी ओळखावी?

नाशिकमध्ये पहाटे कोणत्याही मैदानावर गेले, तर पोलीस भरतीची तयारी करणारी आपल्या वस्त्यांतील मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. धावायला फार पैसा लागत नाही, म्हणून कष्टकऱ्यांच्या मुलांना ही वाट जवळची वाटते. पण जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात काही उमेदवारांचे प्राण गेले, हेही आपण विसरू नये. म्हणून धावताना शरीर किती तापते आणि ते कसे ओळखावे, हे घरातील सर्वांना माहीत हवे.

आता मोठ्या खेळाडूंसाठी थर्मल कॅमेरा वापरतात. करोनाच्या काळात कपाळासमोर धरून ताप मोजणारे यंत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. हा कॅमेरा त्याच तत्त्वावर चालतो. प्रत्येक शरीरातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडतात. कॅमेरा ते टिपतो आणि गरम भाग लाल-पिवळा, थंड भाग निळा दाखवतो. कातडी काळी असो वा गोरी, हे किरण जवळपास सारखेच बाहेर पडतात. त्यामुळे कॅमेऱ्याला रंगाचा फरक पडत नाही.

स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या शक्तीचा सुमारे पाऊण भाग उष्णता बनतो. तरीही धावायला सुरुवात केल्यावर कातडी आधी थोडी थंड होते, कारण रक्त स्नायूंकडे वळते. नंतर आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम येतो आणि तो वाळताना अंग थंड होते. कॅमेऱ्यात हे बदल दिसतात. एक पोटरी दुसरीपेक्षा सतत गरम दिसली, तर त्या पायावर जास्त ताण पडतो आहे किंवा आत सूज आहे, अशी शंका येते. मग प्रशिक्षक सराव कमी करतात आणि डॉक्टरांना दाखवतात.

पण या कॅमेऱ्याला मर्यादा आहे. तो फक्त कातडीचे तापमान सांगतो, शरीराच्या आतले नाही. घामाने ओली कातडी थंड दिसते, तेव्हा आत ताप ४० अंशांवर गेलेला असू शकतो. म्हणून घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, असे समजू नये.

आपल्याकडे कॅमेरा नाही म्हणून अडत नाही. पुढील गोष्टी प्रत्येकाने कराव्यात :

• उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी सराव संपवावा. उन्हाची सवय लागायला १० ते १४ दिवस लागतात. पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावू नये.
• ताप, जुलाब किंवा रात्रीचे जागरण असेल तर धावू नये.
• वजन लवकर उतरावे म्हणून प्लॅस्टिकचे किंवा जाड कपडे घालून धावू नये.
• सराव झाल्यावर दोन्ही पोटऱ्या आणि गुडघे हाताने चाचपून पाहावेत. एकच बाजू गरम, सुजलेली वा दुखरी असेल तर विश्रांती घ्यावी. दोन-तीन दिवसांत कमी न झाल्यास डॉक्टरांना दाखवावे.
• धावताना चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा अंगावर काटा आल्यास तिथेच थांबावे.

धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर उष्माघात समजावा. लगेच १०८ ला फोन करावा. पण गाडीची वाट पाहत बसू नये. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर गार पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड केले तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.

म्हणून मुलांनी एकट्याने सराव करू नये, चार-पाच जणांनी मिळून करावा. पाण्याचा कॅन सोबत ठेवावा. मैदानावरून घरी आलेल्या मुलाला आई-वडिलांनी किती फेऱ्या झाल्या हे विचारावेच, पण अंग कसे आहे, हेही विचारावे.