प्रेमाचे पॉइंट, रुसव्याचे बॉम्ब

नायक-नायिकेचं पहिल्याच पानावर जमलं, तर पुढची तीनशे पानं करायचं काय? जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) प्रकरणं ६१ आणि डार्सी लग्नाचं विचारतो ३४व्या प्रकरणात. तेही अशा तोऱ्यात, की एलिझाबेथ त्याला उभ्या उभ्या झाडते. खरी गंमत सुरू होते ती या नकारानंतर.

लुइसा मे अल्कॉट त्याहून खट. ‘लिटिल विमेन’चा पहिला भाग १८६८ साली आला आणि जोचं लग्न लॉरीशी लावा, म्हणून वाचक मुली मागे लागल्या. बाईंनी जोचं लग्न लावलं, पण वयानं बऱ्याच थोर अशा जर्मन प्राध्यापकाशी! डिकन्स मात्र विरघळला. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा ताटातुटीचा शेवट त्यानं मित्राच्या सांगण्यावरून बदलला. मला विचाराल, तर आधीचाच बरा होता.

गेममध्ये तर प्रेमाला चक्क मार्क असतात. जपानी ‘तोकिमेकी मेमोरियल’मध्ये (१९९४) एकीच्याच मागे लागून दुसरीकडे दुर्लक्ष केलंत, की तिच्या नावाशी बॉम्ब दिसू लागतो. तो फुटला की शाळाभर बदनामी आणि सगळ्याच मुलींच्या मनातून तुम्ही उतरलात.

‘फायनल फँटसी ७’नं (१९९७) हाच हिशोब लपवला. सुरुवातीला एरिथ ५०, टीफा ३०, बॅरेट शून्य. तुमच्या उत्तरांनी आकडे हलत राहतात, पण तुम्हाला पत्ताच नसतो. मग एका रात्री जत्रेत फिरायला कोण येतं, त्यावरून निकाल कळतो. मुद्दाम खटाटोप केलात, तर दारात बॅरेट: हाताच्या जागी बंदूक बसवलेला आडदांड गडी!

‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) एरिक बॅरोननं एकट्यानं बनवली. गावात लग्नाळू बारा जण, प्रत्येकाला आठवड्यातून दोनच भेटी देता येतात आणि वाढदिवसाच्या भेटीचं मोल आठपट. इंद्रधनुषी दुर्मीळ रत्न दिलं की जवळजवळ सगळं गाव खूश. हेली मात्र नाक मुरडते. तिला सूर्यफूल द्या, लगेच कळी खुलते. या एका खोडीमुळे ती पॉइंटांची बेरीज न राहता माणूस वाटते.

‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागात (२००७) गॅरस हा परग्रहवासी नुसता मित्र होता. खेळणाऱ्यांचा जीव जडला, तेव्हा २०१०च्या दुसऱ्या भागात त्याचं प्रेम जुळवावं लागलं. रणात न डगमगणारा हा नेमबाज भेटायला येतो तो परवडेल तशी वाइन घेऊन, आणि बोलताना पार तारांबळ उडालेली.