मोटारीच्या चाकांतील हवा आणि प्रवासी पंप

हिंगोलीहून औंढा नागनाथास किंवा नरसी नामदेवास निघालेलें एखादें कुटुंब मोटारींत बसतें, तेव्हां माणसें, डबे, सामान आणि खुद्द गाडी मिळून हजार किलोंहून अधिक भार चार चाकांतल्या हवेवर पडतो. रबर आणि त्यांतील धागे यांचें काम त्या हवेला कोंडून ठेवण्याचें; ओझें तोलण्याचें बरेंचसें काम हवेचें. १८४५ सालीं रॉबर्ट थॉमसन यानें हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें होतें, पण तें विस्मृतींत गेलें. पुढें बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं तीच युक्ति नव्यानें शोधून १८८८ सालीं पेटंट मिळवलें. तेव्हांपासून चाकाला मऊपणा आला, आणि त्याबरोबर एक नित्याची काळजीहि आली. कारण कोंडलेली हवा निसटत राहते.

टायर धडधाकट असला तरी महिन्यास एक-दोन पौंड हवा सहज कमी होते. हवेचा दाब चौरस इंचास इतके पौंड असा मोजतात. बोलण्यांत मात्र नुसतें ‘३३ पौंड हवा’ असें म्हणतात. ३३ च्या जागीं २५ पौंड उरले, तर डोळ्यांना फारसा फरक दिसत नाहीं. परंतु टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक दबते, अधिक वांकते, आणि त्या वांकण्यानें तापते. वैशाखांत मराठवाड्याचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो व रस्ता त्याहून तापलेला असतो. अशा वेळीं भरलेली गाडी वेगानें जात असतां कमी हवेचा टायर फुटला, तर गाडी हातांत राहणें कठीण. म्हणून हवा पाहणें ही चैन नव्हे. ती घरच्या माणसांच्या जिवाची काळजी आहे.

१ मे १९९९ रोजीं परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा पांच तालुक्यांचा जिल्हा. अकोला-नांदेड हमरस्ता हिंगोली व कळमनुरीवरून जातो आणि त्यावर हवेची सोय सांपडते. पण सेनगांवकडच्या एखाद्या आडगांवीं रात्रीं चाक बसलें, तर पंक्चरवाल्याचें दुकान उघडें असेलच असें नाहीं. शिवाय २०२० सालीं केंद्र सरकारनें नियम बदलले. ज्या प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा व दुरुस्तीचें साहित्य आहे, तिला स्टेपनीची सक्ति उरली नाहीं. अशा गाडींत पंप हाच स्टेपनीच्या जागीं उभा असतो. तो निवडायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

दुकानांत खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१५० पौंड दाब’ असें छापलेलें असतें, आणि गिऱ्हाईक त्याच आंकड्यावर भाळतें. मोटारीच्या चाकाला ३० ते ३६ पौंड पुरतात. अंगठ्याएवढा दट्ट्या असलेला पंपहि मोठा दाब देऊं शकतो. सायकलच्या बारीक पंपाचा अनुभव हेंच सांगतो. प्रश्न दाबाचा नसून हवेच्या मापाचा आहे: मिनिटास किती लिटर हवा चाकांत जाते?

हिशेब सोपा आहे. लहान मोटारीच्या टायरांत सुमारें ३० लिटरची पोकळी असते. वातावरणाचा दाब सुमारें १४.७ पौंड, म्हणून रिकाम्या टायरांत ३३ पौंड हवा भरण्यास बाहेरची जवळजवळ ६७ लिटर हवा आंत कोंबावी लागते. २५ वरून ३३ वर नेण्यास १६ लिटर पुरतात. मिनिटास १० लिटर हवा देणारा पंप रिकाम्या चाकाला सात मिनिटें घेईल. ३० लिटर देणारा सवादोन मिनिटांत काम संपवील. मात्र खोक्यावरील लिटर बहुधा दाब नसतांना मोजलेले असतात. दाब चढला कीं हवा कमी जाते. म्हणून छापील आंकड्याच्या निम्मी हवाच मिळेल असें धरून चालणें शहाणपणाचें. ‘अमुक मापाचा टायर शून्यापासून इतक्या पौंडांपर्यंत इतक्या मिनिटांत’ असें जेथें स्पष्ट सांगितलेलें असतें, तें विधान अधिक भरंवशाचें.

दुसरी गोष्ट विजेची. गाडींतील सिगारेट-लायटरच्या खोबणींतून १२ व्होल्टची वीज मिळते. पंप १० अँपियर घेत असेल तर १२० वॉट खर्च होतात, आणि बहुतेक गाड्यांचा फ्यूज तें सोसतो. त्याहून मोठा पंप घ्यावयाचा असल्यास आधीं गाडीच्या माहितीपुस्तिकेंत फ्यूज किती अँपियरचा आहे हें पाहावें. थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा पंप अशा वेळीं बरा. पंप चालतांना इंजिन चालू ठेवावें, पण गाडी उघड्यावर असावी. बंद गॅरेजांत धुराचा विषारी वायु प्राणघातक ठरतो.

तिसरी गोष्ट उष्णतेची. हवा दाबली कीं तापते. त्यामुळें लहान पंपाला दहा-पंधरा मिनिटांनंतर विसावा द्यावा लागतो. किती वेळ चालवावा व किती वेळ थांबवावा, हें पुस्तिकेंत असतें; तें नसेल तो पंप घेऊं नये. स्वतःच्या बॅटरीवर चालणारे पंप सोयीचे खरे, परंतु उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारींत ही बॅटरी लवकर खराब होते, आणि नेमक्या गरजेच्या वेळीं ती उतरलेली सांपडण्याचा संभव असतो. पंप बारा महिने गाडींतच ठेवावयाचा असेल, तर या भागाला तारेचा पंप अधिक मानवतो. तार मागच्या चाकापर्यंत पोंचते कीं नाहीं, हें मात्र दुकानांतच पाहावें.

पंपावरचा दाबमापक नेहमींच बिनचूक असतो असें नाहीं. थोड्या पैशांत मिळणारा वेगळा मापक जवळ ठेवून दोन्ही ताडून पाहावे. किती हवा भरावयाची, तें ड्रायव्हरच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेलें असतें. टायरच्या बाजूवरील आंकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरावयाचा नसतो. माप सकाळीं, गाडी चालवण्यापूर्वीं घ्यावें; दहा अंश उष्णता वाढली कीं दाब सुमारें दीड पौंड चढतो. तापलेल्या टायरांतून ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडणें ही मोठी चूक. टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते.

पंपाच्या शक्तीलाहि सीमा आहे. ट्यूबलेस टायरांत खिळा घुसला असेल तर तो न उपसतां हवा भरून जवळच्या दुकानापर्यंत हळूहळू जातां येतें. पण टायरची बाजूच फाटली असेल तर कोणताहि पंप उपयोगी पडत नाहीं. संकटासाठीं म्हणून घेतलेला पंप महिन्यांतून एकदां सकाळीं बाहेर काढला आणि चारहि चाकांना व असल्यास स्टेपनीला पांच-दहा मिनिटें दिलीं, तर पुष्कळशीं संकटें वाटेवर येण्यापूर्वींच टळतात. पंपाची खरी किंमत त्या सकाळींच वसूल होते.